जागा खरी, वेळ जुळवलेली

एका चित्रात फूटपाथवरचा जो तो जांभई देतो आहे. दुसऱ्यात सगळ्यांच्या हातात कागदी पाकिटं. रस्ता न्यूयॉर्कचा, माणसंही तिथलीच. ती एका क्षणी एकत्र मात्र कधीच आली नव्हती. पीटर फुंक या डॅनिश छायाचित्रकाराने २००६ साली 'बेबेल टेल्स' ही मालिका सुरू केली. तो एकेका नाक्यावर कित्येक दिवस ठाण मांडायचा, एकाच जागेवरून फोटो काढत राहायचा आणि मग एकसारखं काही करणारी माणसं निवडून संगणकावर एका चौकटीत आणायचा.

यात चुगली करते ती सावली. सकाळी दहाचा माणूस आणि दुपारी चारचा माणूस शेजारी उभे केले, की दोघांच्या सावल्या दोन दिशांना पळतात. म्हणून कॅमेरा हलता कामा नये, आणि ऊनही जुळायला हवं. बॉस्टन परिसरातला छायाचित्रकार पेले कॅस तर स्वतःवर आणखी एक अट घालून घेतो: माणूस जिथे टिपला गेला तिथेच राहणार, त्याला तसूभरही सरकवायचं नाही. ठेवायचं की पुसायचं, एवढंच ठरवायचं. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. इथे जागेबद्दल काहीच खोटं नाही. थाप आहे ती वेळेबद्दल.

जोडकाम मात्र संगणकाहून पुष्कळ जुनं. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडरने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र केलं होतं. आपल्या मुंबईतही हे घडलं. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनचा मुंबईच्या जातीजमातींवरचा दोन भागांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली निघाला. त्यातले भाटिये, वल्लभाचारी महाराज वगैरे मंडळी टिपली एकीकडे आणि बसवली भलत्याच पार्श्वभूमीवर. म्हणजे फुंकच्या नेमकं उलट: जॉन्सनने माणसाची जागाच बदलली.

तरी दोघांत एक अस्वस्थ करणारं साम्य आहे. दोघेही माणसांची वर्गवारी करतात. जॉन्सन जात आणि पागोटं बघून, फुंक जांभई आणि पाकीट बघून. फरक एवढाच, की फुंकच्या चौकटीतला माणूस पुढच्या मिनिटाला आपल्या वर्गातून बाहेर पडतो. जॉन्सनच्या भाटियाला ती मुभा नव्हती.

फुंकने पुढे २०१७ साली '४२ वा रस्ता आणि व्हँडरबिल्ट' हे पुस्तक काढलं. ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळच्या त्या कोपऱ्यावर त्याने २००७ ते २०१६ या काळात सकाळी कामावर निघालेली माणसं टिपली. त्यातली काही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा दिसतात: कधी तोच कोट, तोच कॉफीचा पेला, कपाळावर तीच आठी. या पुस्तकात जोडकाम कुठेच नाही. 'बेबेल टेल्स' पाहिलेला वाचक तरीही पानापानावर जोडच शोधत बसतो.