चहाआधीचा अर्धा तास (लेखांक 6)

गर्भ पडला की किन्हवली परिसरातल्या घरांत पहिला शोध सुरू होतो तो बाईच्या चुकीचा. आवणीला वाकली, पपई खाल्ली, तिन्हीसांजेला ओढ्यावर गेली. मागच्या लेखात आपण पाहिलं, की पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचीच जुळणी बिघडलेली असते. तिथे आईने काही केलं नसतं किंवा केलं असतं, तरी तेच झालं असतं. हे घरातल्या सगळ्यांसमोर, विशेषतः सासूसमोर, मोठ्याने सांगायला हवं.

उरलेल्या कारणांत हार्मोन्स येतात, आणि त्यांतलं सर्वांत स्वस्तात सावरता येणारं म्हणजे थायरॉईड. गळ्यातली ही ग्रंथी सुस्तावली, की मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी तिला जोरजोरात हाका मारू लागते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला, तर थायरॉईड कमी पडतेय असं समजायचं. अनेक जणी नेमका उलटा अर्थ काढून गोळी बंद करतात. थायरॉईड फार मंदावली, की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोनही वाढू शकतं, बीज सुटायला उशीर होतो आणि पाळी पुढे जाते. त्यातून दिवस राहिलेच, तर पहिले साधारण बारा आठवडे बाळाची स्वतःची थायरॉईड तयार नसते. ते आईच्याच हार्मोनवर वाढतं.

उपाय म्हणजे थायरॉक्सिनची इवलीशी गोळी. पण ती पोटात गेली म्हणजे रक्तात उतरली असं नाही. घरोघरी होतं ते असं: पहाटे उठून चूल पेटवायची, कोरा चहा घ्यायचा, त्याच घोटाबरोबर थायरॉईडची गोळी, आणि रक्त कमी म्हणून दिलेली लोहाची लाल गोळीही लगोलग. चहाने थायरॉक्सिन कमी शोषलं जातं, लोह आणि कॅल्शियम तर त्याला आतड्यातच धरून ठेवतात. मग टीएसएच उतरत नाही आणि डोस वाढत राहतो. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. चहा निदान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, म्हणजे सरळ दुपारच्या जेवणानंतर.

लॅबच्या कागदावर टीएसएच 4 असला, तरी तो बहुतेक वेळा 'नॉर्मल'मध्येच छापलेला असतो. पण थायरॉईडची गोळी चालू असलेल्या आणि बाळाचा विचार करणाऱ्या बाईचा टीएसएच 2.5 च्या खाली आणावा, असं तज्ज्ञ सांगतात. पाळी चुकताच या गोळीची गरज आणखी वाढते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची 2017 ची सूचना अशी, की रोज एक गोळी घेणारीने तेव्हापासून आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्याव्यात. हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. आपल्याकडे घडतं ते उलटंच: 'पोटातल्या बाळाला गोळी बाधेल' म्हणून ती नेमकी तेव्हाच थांबवली जाते. ही गोळी बाळाला बाधत नाही.

सगळं खापर हार्मोनवर फोडणंही चूक. गर्भ टिकावा म्हणून सरसकट प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दिलं जातं. ब्रिटनमध्ये 2019 साली 4,153 गरोदर बायकांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला तो रक्तस्राव होत असलेल्या आणि आधी गर्भ पडलेल्या बायकांना. तीन किंवा अधिक वेळा पडला असेल, तर जास्त. नुसत्या भीतीपोटी इंजेक्शनांवर पैसे घालवू नयेत.

गर्भ एकदा पडला असेल, तर पुढच्या खेपेआधी टीएसएच आणि साखर बघून घ्यावी. दोनदा पडला असेल, तर पूर्ण तपासणी हवी, आणि त्या तपासणीला नवऱ्यानेही सोबत गेलं पाहिजे. आशाताईंशी बोला, किन्हवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची बाटली बरोबर न्या. पाळी चुकल्याचं कळलं, की त्याच आठवड्यात टीएसएच तपासा, तीन महिने भरायची वाट बघू नका.