नाणेघाटातला इंद्र

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेच्या बाजूने नाणेघाट चढून गेलं की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दिसतो, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्यात इंद्र, वरुण, यम यांना वंदन आहे, अश्वमेधाची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायींची नोंद आहे. भाषा मात्र प्राकृत. याच इंद्र-वरुणांची नावं तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडलेल्या मितान्नी राज्याच्या तहात, इ.स.पू. चौदाव्या शतकात, साक्षीदेवता म्हणून येतात. हे देव आणि त्यांची भाषा कुठून कुठे गेली, हाच आर्य कुठले या वादाचा गाभा.

लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेलं. आज ते मत मागे पडलं आहे. २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकीय आराखडा मांडला. आर्य भाषा ज्यांच्यासोबत आल्या असं मानलं जातं, त्या युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार तो अंश इथे इ.स.पू. २००० नंतर आला. शिंदे यांनी आर्यांचं आगमन नाकारलं. मला मात्र दोन्ही निष्कर्ष मिळून स्थलांतराकडेच बोट दाखवतात असं वाटतं.

पण स्थलांतर म्हणजे वंश नव्हे; भाषा एका समाजाकडून दुसऱ्याकडेही जाते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर या आदिवासी समाजांच्या बोली मराठीच्याच, म्हणजे इंडो-आर्य कुळातल्या आहेत.