इक्वलायझर जोडताय? जरा थांबा!

आवाज खुलावा म्हणून हौसेने इक्वलायझर आणायचा आणि सगळ्या पट्ट्या वर सरकवायच्या, ही चूक अनेक घरांत होते. त्यात स्पीकरचा बळी जाऊ शकतो.

जोडणी सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याचे ‘टेप आउट’ इक्वलायझरच्या ‘इन’ला आणि इक्वलायझरचे ‘आउट’ अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘टेप इन’ला जोडा. मग ‘टेप मॉनिटर’चे बटण दाबा. बऱ्याच नव्या अ‍ॅम्प्लिफायरना ही सोय नसते, तेव्हा खरेदीपूर्वी पाहून घ्या. स्पीकरच्या तारा इक्वलायझरला कधीही लावू नका.

आता पट्ट्यांविषयी. एखादी पट्टी ३ डेसिबल वर नेली, की तेवढ्या स्वरांसाठी अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट शक्ती लागते. १० डेसिबलला दहापट! ती पुरली नाही की आवाज फाटतो, ट्वीटर जळू शकतो.

म्हणून वाढवण्यापेक्षा कमी करा. डग्गा फार घुमतो? १२५ हर्ट्झची पट्टी किंचित खाली घ्या. जुनी कॅसेट सरसरते? १६ किलोहर्ट्झची उतरवा.

आणि हो, सर्वांत आधी कोपऱ्यातले स्पीकर फूटभर पुढे ओढून पाहा. घुमणे त्यानेच कमी झाले, तर इक्वलायझरचा खर्चही वाचेल!