पुस्तक सुचवणं म्हणजे नेमकं काय?

मागच्या व्याख्यानात आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या वतीने आपण निर्णय घ्यावा का? आज तोच प्रश्न एका छोट्या जागी नेऊन पाहू. ती जागा म्हणजे शाळेचं ग्रंथालय.

समजा, नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येते आणि ग्रंथपालबाईंना विचारते, "बाई, 'शाळा' आहे का?" मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ सालची. काळ आणीबाणीचा, सांगणारा मुलगा नववीतला, शाळेतल्याच एका मुलीवर त्याचा जीव जडलेला. मुलांची भाषाही मुलं आपसात बोलतात तशीच. पुस्तक कपाटात आहे, पण बाई क्षणभर थांबतात. देऊ की नको? हा क्षण आज आपल्याला उलगडायचा आहे.

पहिलं उत्तर प्लेटोचं. 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो की मुलांच्या कानांवर कोणत्या गोष्टी पडाव्यात हे राज्याने ठरवावं. त्यासाठी होमरलाही कात्री लावायची त्याची तयारी आहे. आपण त्याला हसतो, पण एक गोष्ट त्याने ओळखली होती. गोष्टीने माणूस घडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जो मनाई करतो, तो निदान पुस्तकाची ताकद तरी मान्य करतो.

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट : मुलं मागतील ते द्या, आपण मधे पडू नका. ऐकायला उदार वाटतं. पण मूल मागणार काय? ज्याचं नाव कानावर आलं तेच. मागणीला माहितीचं कुंपण असतं, बरं का. ज्याने 'बनगरवाडी' हे नावच ऐकलेलं नाही, तो ती कशी मागेल? तेव्हा काहीच न सुचवणं म्हणजे स्वातंत्र्य देणं नव्हे, ते हात झटकणं आहे.

मग उरतं ते सुचवणं. आज्ञा, मनाई आणि सूचना यांत फरक काय? आपल्या मते दोन गोष्टींचा. सूचनेमागचं कारण वाचणाऱ्याकडे पाहून दिलेलं असतं. आणि सूचना नाकारायला काही किंमत मोजावी लागत नाही. पुस्तक सुचवलं आणि वर "सोमवारी सारांश लिहून आण" म्हटलं, की तो गृहपाठ झाला. कांटने १७८४ साली प्रबोधनावर एक छोटा निबंध लिहिला. आपल्यासाठी पुस्तकाने किंवा दुसऱ्या कुणी विचार करावा आणि आपण आयते बसावं, या सवयीला तो अप्रौढपणा म्हणतो. पौगंडावस्था म्हणजे हा अप्रौढपणा सोडण्याचं वय. त्या वयात पुस्तक कसं हाती येतं, याला म्हणूनच महत्त्व आहे.

इथे आपल्या देशातला एक माणूस मदतीला येतो. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन असे : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. यात 'चांगलं पुस्तक' हा शब्दच नाही, बघा. चांगल्या पुस्तकांची यादी भिंतीवर लावता येते. पण या मुलाचं पुस्तक कोणतं, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

एक मुलगा सांगतो, "मला 'फास्टर फेणे' आवडतं." आता पुढे काय द्यायचं? आधी विचारायचं, काय आवडलं? धाडस आणि अन्यायाशी टक्कर आवडली असेल, तर अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' द्यावा. अनोळखी जागी एकट्याने जाऊन पडणं आवडलं असेल, तर माडगूळकरांची 'बनगरवाडी'. धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेला तो तरुण मास्तर त्याला ओळखीचा वाटेल. आणि मुलगा आता दहावी संपवून सगळ्या जगावर चिडलेला असेल, तर 'कोसला'. मुलगा तोच, पण कारण बदललं की पुस्तक बदलतं.

'आत्ता नको' असं बाईंनी कधीच म्हणू नये का? म्हणावं. पण त्याबरोबर 'का' आणि 'मग केव्हा' हेही सांगावं. नुसता नकार दिला, तर मूल पुस्तक दुसरीकडून मिळवतंच. फक्त बाईंशी त्याबद्दल बोलायचं थांबतं.

आम्ही शाळेत होतो तेव्हा पुस्तकांचं कपाट कुलपात असे. एकदा आम्ही फडक्यांची कादंबरी मागितली. गुरुजींनी आमचं नाव आणि कादंबरीचं नाव साऱ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. कादंबरी आम्ही पुढे वाचलीच, पण काय वाचतो हे शाळेत पुन्हा कुणाला कळू दिलं नाही. नुकसान पुस्तक न मिळाल्याचं नव्हतं. ज्या वयात वाचलेल्यावर बोलायला मोठं माणूस हवं असतं, त्या वयात ते माणूस गेलं.

आता त्या मुलीकडे परत येऊ. आपल्याला वाटतं, बाईंनी 'शाळा' द्यावी. हळू आवाजात एवढंच सांगावं : "यातले काही शब्द तुला खटकतील. शेवट गोड नाही. नाही आवडलं तर अर्ध्यावर परत आण, मी विचारणार नाही. बोलावंसं वाटलं तर मी इथेच आहे." उद्या पालक जाब विचारायला आले, तर शाळेने बाईंना एकटं पाडू नये. मुलीने चौदाव्या वर्षी स्वतः निवडून एक पुस्तक मागितलं आहे. तिच्या विचारस्वातंत्र्याची सुरुवात कदाचित इथूनच होईल.

आज इथे थांबू.