नागरी हक्क : राज्याविरुद्ध आणि शेजाऱ्याविरुद्ध

नागरी हक्क हा शब्द आपण चळवळीत सरसकट वापरतो. मोर्चाच्या निवेदनात तो असतो, परिसंवादाच्या विषयात असतो, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तर दरवर्षी असतो. परंतु हा हक्क नेमका कोणाविरुद्ध मागावयाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पुण्यात मी ज्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवितो, तेथे गेल्या वर्षी मूलभूत हक्कांचे प्रकरण चालू असताना मराठवाड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने तो विचारला. आठ दिवसांत त्याने सहा खोल्या पाहिल्या होत्या. खोली पसंत पडे, भाडे ठरे, आणि मग घरमालक विचारी, "पूर्ण नाव काय?" आडनाव ऐकले की गावाहून पुतण्या राहावयास येणार असल्याचे मालकाला एकाएकी आठवे. विद्यार्थी म्हणाला, "सर, घटनेत समतेचा हक्क आहे ना? मग हा माणूस घटना मोडतो आहे की नाही?"

मी सांगितले, "मूलभूत हक्क हे राज्यसंस्थेविरुद्ध असतात." पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेले आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण घरी जाताना मला त्या उत्तराची लाज वाटू लागली. चौदा वर्षांपूर्वी मीही याच शहरात याच प्रश्नाला तोंड देत खोल्या शोधीत होतो. तेव्हा मी कोणालाच काही विचारले नव्हते. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच मी, विचारणार तरी कोणाला? हा मुलगा निदान विचारीत होता. त्याला पुरे उत्तर द्यावयाचे म्हणून मी पुस्तके काढून बसलो, आणि त्या उत्तराचा माग मला अमेरिकेपर्यंत घेऊन गेला.

सुरुवात मात्र पुण्यातूनच करतो. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती अमलात आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु जोतीरावांचे लक्ष तिकडे होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केल्याच्या गौरवार्थ, अर्पण केली हे आपण सर्व जाणतो. आपण सहसा पाहत नाही ते हे की, हौदाचे कृत्य आणि चौदावी दुरुस्ती यांची जात वेगळी होती. हौद उघडला तो एका खाजगी मालकाने, कोणताही कायदा त्याला भाग पाडीत नसताना. उलट चौदाव्या दुरुस्तीत खाजगी मालकाचे नावही नव्हते.

वाक्याचा कर्ता कोण, हे पाहावे. व्याकरणाचा हा साधा प्रश्न पुढे लक्षावधी माणसांच्या नशिबाशी जाऊन भिडला. यादवी युद्धानंतर अमेरिकेने आपल्या घटनेत तीन दुरुस्त्या केल्या. तेरावीने १८६५ साली गुलामगिरी नष्ट केली. चौदावीने नागरिकत्व दिले आणि कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारण्यास घटक राज्यांना मनाई केली. पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली मताधिकारात वर्णभेद करण्यास बंदी घातली. चौदावीतील मनाईच्या वाक्याचा कर्ता 'राज्य' हा आहे. खानावळवाला, नाटकगृहाचा मालक, रेल्वे कंपनी, शेजारी यांपैकी कोणीही त्या वाक्यात नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १ मार्च १८७५ रोजी नागरी हक्कांचा कायदा केला. वाटसरूंची निवासगृहे, जमिनीवरची व पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाटकगृहे यांत वर्णावरून कोणाला मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. कायदा जेमतेम आठ वर्षे जगला. ऑक्टोबर १८८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच खटले एकत्र ऐकून तो घटनाबाह्य ठरविला. आठ न्यायाधीश एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. बहुमताच्या वतीने ब्रॅडली यांनी लिहिलेले तर्कट असे : चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसाला नव्हे, खानावळवाल्याने काळ्याला हाकलले तर तो एक खाजगी अपराध होय, घटनेचा भंग नव्हे. एवढ्यावर न थांबता त्यांनी असेही सुचविले की, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने आता कायद्याचे लाडके लेकरू म्हणून राहणे केव्हातरी थांबवावयास हवे. गुलामगिरी जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती! आपल्याकडे "किती दिवस सवलती घेणार?" असे विचारणाऱ्यांना आपण काही नवीन बोलतो आहोत असे वाटत असेल, तर त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

एकटे असहमत झाले ते न्यायमूर्ती हार्लन. ते केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. त्यांचे म्हणणे असे की, रेल्वे आणि खानावळ चालविणारा माणूस समाजाच्या परवानगीवर धंदा करतो, तेव्हा त्याचे वागणे निव्वळ खाजगी राहत नाही. शिवाय तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली ती तिच्या कपाळावरच्या खुणांसकट. हे मत तेव्हा हरले. १८९६ साली 'वेगळे पण समान' हे तत्त्वही याच न्यायालयाने मान्य केले आणि दक्षिणेतील गोऱ्यांना रान मोकळे झाले. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा करताना काँग्रेसने अडचण टाळण्यासाठी आंतरराज्य व्यापार नियंत्रित करण्याच्या आपल्या अधिकाराचा मुख्य आधार घेतला. अटलांटा शहरातील २१६ खोल्यांच्या एका मोटेलने काळ्यांना खोल्या देणार नाही असा हट्ट धरला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला नमविले ते, काळ्या प्रवाशाला खोली न मिळाल्याने राज्याराज्यांतील व्यापारास बाधा येते, या कारणाने. माणसाच्या अप्रतिष्ठेची तक्रार तेथे व्यापाराच्या दरवाजातून आत न्यावी लागली.

आता महाडला येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हा आपल्या चळवळीचा मानबिंदू आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेला असतो. मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे राज्यसंस्था अडवीत नव्हती. अडवीत होता तो शेजारी. स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि सांगितले काय, तर हे चौधरी तळे आहे, ते खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची येथे अनादी वहिवाट आहे. अमेरिकेतला खानावळवाला जे बोलत होता तेच. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो? वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. ती त्यांनी सिद्ध केली असती तर? माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे, तो वहिवाटीने बुडत नाही, असे म्हणण्यासाठी न्यायालयाच्या हाती तेव्हा कोणताच कायदा नव्हता.

१९१३ ते १९१६ ही वर्षे कोलंबिया विद्यापीठात घालविलेल्या बाबासाहेबांना अमेरिकेतला हा पराभव ठाऊक नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. १९३० साली गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची मागणी करताना, आणि पुन्हा १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये, त्यांनी ज्या कायद्यांचा आधार दिला त्यांत अमेरिकेचे १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्क कायदे आहेत. १८७५ चा म्हणजे तोच, जो न्यायालयाने मारून टाकला होता. मेलेल्या कायद्याचा आधार एवढा मोठा कायदेपंडित का देतो? माझे उत्तर असे की, कायदा योग्य होता. त्याला पाठीशी घालणारे वाक्य घटनेत नव्हते. ते वाक्य भारताच्या घटनेत आधीच लिहून ठेवावयाचे होते. त्याच मागण्यांत सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविण्याचीही मागणी होती आणि तिच्यासाठी आधार घेतला होता ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. जेथून जे हत्यार मिळेल ते घ्यावे, हा त्यांचा खाक्या. (महाराष्ट्राने बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, आणि तोही मुख्यतः जातपंचायतींसाठी.)

आता आपल्या घटनेतील वाक्यांचे कर्ते पाहा. कलम १५ च्या पहिल्या खंडात कर्ता राज्य आहे, अगदी अमेरिकन पद्धतीने. पण दुसऱ्या खंडात राज्य नाहीसे होते. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांबाबत कोणत्याही नागरिकावर जातीवरून निर्बंध असणार नाही, असे तेथे म्हटले आहे. निर्बंध कोणी घातला याची चौकशी नाही. कलम १७ मध्ये तर अस्पृश्यता नष्ट झाली आहे एवढेच सांगितले आहे. ती पाळणारा पाटील असो, पुजारी असो की घरमालक असो, सर्व त्यात आले. ही दोन्ही कलमे घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ या एकाच दिवशी स्वीकारली. त्या दिवशी एका सभासदाने 'दुकान' म्हणजे काय असे विचारले असता, जो कोणी मोबदला घेऊन आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, त्यात धोबी आणि न्हावीही आले, अशा आशयाचा खुलासा बाबासाहेबांनी केला.

तेव्हा माझे वर्गातले उत्तर चूक होते. आपले मूलभूत हक्क केवळ राज्याविरुद्ध नाहीत. अमेरिकेला जे वाक्य लिहिता आले नाही ते आपल्याकडे लिहिले गेले, आणि ते महाडच्या तळ्यावर शिकून लिहिले गेले.

मग खोली का मिळत नाही? एक तर कलम १५ च्या यादीत राहते घर नाही. विहीर उघडली, हॉटेलचा कप एक झाला, तशी जात तेथून निघून सोसायटीच्या फाटकात येऊन उभी राहिली. दुसरे असे की, आपल्या न्यायालयांना अमेरिकेतील १८८३ चा मोह अधूनमधून पडतो. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००५ साली वैध ठरविली, आणि मूलभूत हक्कांचे प्रकरण खाजगी कराराच्या स्वातंत्र्यात हात घालीत नाही अशी भूमिका घेतली. पारशी ही लहान जमात आहे, तिची भीती मी समजू शकतो. पण तेच तत्त्व उद्या वरच्या जातींच्या सोसायटीने उचलले तर तिला कोणत्या तोंडाने अडवावयाचे? २०११ साली याच न्यायालयाने कलम १५ मधील 'दुकान' शब्दाचा अर्थ बाबासाहेबांच्या त्या खुलाशाच्या आधारे व्यापक केला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही त्यात घेतल्या. म्हणजे दोन्ही वाटा आज उघड्या आहेत.

दलित विद्यार्थ्यासाठी मात्र एक तिसरी वाट आहे, आणि ती आपण जवळजवळ वापरतच नाही. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ साली दुरुस्त होऊन 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' झाला. त्याचे कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळविण्यास वा त्यात राहण्यास अडविणे हा गुन्हा आहे. आणि कलम १२ असे सांगते की, या कायद्याखालील कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीची. पुतण्या खरोखर येणार होता काय, हे मालकाने सांगावयाचे आहे. शिक्षा किरकोळ आहे : एक ते सहा महिने कैद, आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपयांत आज पुण्यातला दलाल खोलीचा दरवाजाही उघडून दाखविणार नाही. मुसलमान विद्यार्थ्याला तर एवढाही आधार नाही, आणि खोली शोधताना त्याचे हाल आपल्याहून कमी नाहीत.

येथे अमेरिकेकडून पुन्हा काही घेण्यासारखे आहे. १९६८ साली, म्हणजे चौदाव्या दुरुस्तीनंतर शंभर वर्षांनी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुईसच्या जोन्स खटल्यात हार्लन यांच्या विचाराकडे मोहरा वळविला. काळा म्हणून घर विकावयास नकार देणाऱ्या खाजगी विकासकाला १८६६ चा जुना कायदा लागू होतो, कारण तो तेराव्या दुरुस्तीवर उभा आहे, असे त्याने ठरविले. त्याच वर्षी घरांच्या विक्री-भाड्यातील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. त्यात पळवाटा आहेत. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला तो बव्हंशी सूट देतो. परंतु या कायद्याखाली तेथील संघटनांनी एक रीत रूढ केली. एकाच घरासाठी आधी काळा उमेदवार पाठवावयाचा, मग गोरा. दोघांचे उत्पन्न, शिक्षण सारखे. काळ्याला "जागा नाही" आणि गोऱ्याला "या, पाहा" असे उत्तर मिळाले की पुरावा तयार. असा पाहणीसाठी पाठविलेला काळा माणूस, त्याला घर घ्यावयाचे नसले तरी, खोटी माहिती दिली म्हणून स्वतः दावा लावू शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांची अशा धर्तीची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध केली. ती अभ्यासकांनी वाचली. पोलीस ठाण्यात नेण्यासाठी ती नव्हती.

तो विद्यार्थी सध्या मित्राच्या वसतिगृहातील खोलीत 'पॅरासाइट' म्हणून राहतो. पुण्यात शिकलेल्यांना हा शब्द समजावून सांगावयास नको. मी त्याला कलम ४ आणि कलम १२ च्या प्रती काढून दिल्या. वर्गातील एक जोशी आडनावाचा मुलगा त्याच सहापैकी चार घरमालकांकडे जाण्यास आपणहून तयार झाला. दोघांनी एक वही केली आहे. तीत तारीख, वेळ, जागा, सांगितलेले भाडे आणि मालकाचे शब्द जसेच्या तसे लिहावयाचे, दलालाचे मोबाइलवरील निरोप पुसावयाचे नाहीत, एवढेच नियम ठरविले आहेत. चारांपैकी तीन घरांत पुतण्या अद्याप आलेला नाही आणि खोली रिकामी आहे.