लढा बीगलचा, घेराव बँकेला

रील्समधला बीगल आठवतोय ना? लांब कान, केविलवाणे डोळे, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारा. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या लॅबमध्येही कुत्र्यांत पहिली पसंती त्यालाच, आणि कारणही तेच. आकाराने लहान, स्वभावाने गरीब, सुई टोचली तरी सहसा चावत नाही.

१९९७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर एक डॉक्युमेंटरी लागली. औषध कंपन्यांसाठी प्राण्यांवर चाचण्या करून देणाऱ्या 'हंटिंग्डन लाइफ सायन्सेस'मध्ये छुपा कॅमेरा गेला होता. कर्मचारी बीगलच्या पिल्लाला गुद्दे मारताना दिसले आणि लोक भडकले. दोन वर्षांनी ही कंपनी बंदच पाडायची म्हणून 'स्टॉप हंटिंग्डन अ‍ॅनिमल क्रुएल्टी' म्हणजे 'शॅक' उभी राहिली.

शॅकची आयडिया भन्नाट होती, हे मानावंच लागेल. लॅबच्या गेटवर घोषणा देऊन काय होणार? कंपनीला कर्ज कोण देतं, विमा कोण काढतं, हे त्यांनी शोधलं आणि त्यांच्याच दारात ठाण मांडलं. २००१ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने हात झटकले. शेवटी चक्क बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेला, या कंपनीचं खातं सांभाळावं लागलं! २००५ मध्ये तर न्यूयॉर्क शेअर बाजारातली नोंदणी ऐन सकाळी लांबणीवर पडली.

पण हे 'दार' ऑफिसचंच राहिलं नाही. कंपनीचे प्रमुख ब्रायन कॅस यांना २००१ मध्ये घरासमोर दांडक्यांनी मारहाण झाली. हंटिंग्डनशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांना खोटे बॉम्ब गेले, 'हा माणूस लहान मुलांचं शोषण करतो' अशी पत्रं वाटली गेली. २००९ मध्ये सात जणांना ४ ते ११ वर्षांची कैद झाली. २०१४ मध्ये शॅक संपली. लॅब चालूच राहिली. माझ्या मते पहिलं पत्र गेलं तेव्हाच लोकांच्या मनातून ते बीगलचं पिल्लू पुसलं गेलं.

आता दुसरी बाजू. १९३७ मध्ये अमेरिकेत विषारी द्रावक घातलेलं एक गोड औषध विषारीपणाची चाचणी न करता विकलं गेलं आणि शंभरहून जास्त लोक गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. म्हणून १९३८ चा कायदा आला आणि औषध आधी प्राण्यांना देऊन बघणं रूढ झालं. 'चाचण्या बंद करा' म्हणताना, मग औषध तपासायचं कसं, हे सांगावंच लागतं.

उत्तर मिळू लागलंय. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी, चिपवर बसवलेला अवयव, कॉम्प्युटर मॉडेल. २०२२ मध्ये अमेरिकेने प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. त्याच वर्षी तिथल्या 'एन्विगो'च्या व्हर्जिनियातल्या पैदास केंद्रातून सुमारे ४,००० बीगल सोडवले गेले. हंटिंग्डन आणि हार्लन एकत्र येऊन २०१५ मध्ये झालेली, तीच ही एन्विगो. या वेळी हाती होतं छुपं चित्रीकरण आणि सरकारी तपासनिसांचे अहवाल. २०२४ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. भुर्दंड साडेतीन कोटी डॉलरहून जास्त.

आपल्याकडे यूजीसीने २०१४ मध्ये झूलॉजीच्या प्रॅक्टिकलमधलं डिसेक्शन थांबवलं, बेडूक सुटला. औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि नव्या पद्धतींना मान्यता मिळाली. मान्यताच, सक्ती नाही. निवड अजून कंपनीच्या हातात आहे.