समीकरण मिळालं, पण बिंदुपथ मिळाला का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका टिपणात मी बिनधास्त लिहिलं होतं, "म्हणून हा बिंदुपथ म्हणजे पुढील वक्र." गाइडनी समासात एवढंच विचारलं, "आरंभबिंदूचं काय?" उत्तर सापडायला दोन दिवस लागले.

उदाहरण जुनंच होतं. ग्रीक गणिती निकोमिडीसनं कोनाचे तीन समान भाग करण्यासाठी वापरलेला कॉन्कॉइड. आरंभबिंदूला ओ म्हणू. क्ष = २ या उभ्या रेषेवर क हा बिंदू फिरतो. ओक या रेषेवर, क पासून १ अंतरावर, प हा बिंदू घ्या. असे प दोन मिळतात, क च्या दोन्ही बाजूंना. क फिरला की प कुठे कुठे जातो?

प चे निर्देशक (क्ष, य) असतील तर क चे (२, २य/क्ष) येतात. पक = १ चा वर्ग करून क्ष² नं गुणलं, की मिळतं:

(क्ष − २)²(क्ष² + य²) = क्ष²

चौथ्या घाताचा बैजिक वक्र. आता यात क्ष = ०, य = ० ठेवून बघा. दोन्ही बाजू शून्य! म्हणजे ओ वक्रावर आहे. पण क नेहमी ओ पासून किमान २ अंतरावर असतो, म्हणून प किमान १ अंतरावर. तो ओ वर येऊच शकत नाही. मग हा आगंतुक आला कुठून? आपण क्ष² नं गुणलं, तिथून.

बरं, दुसरं 'चांगलं' समीकरण शोधून त्याला हाकलता येईल? नाही. ही बहुपदी अविभाज्य आहे, त्यामुळे बिंदुपथावर शून्य होणारी प्रत्येक बहुपदी हिच्या पटीतच असते, आणि म्हणून ओ वरही शून्य होते. ओ जवळ सर्वांत कमी घाताची पदं ३क्ष² + ४य² उरतात. संमिश्र संख्यांमध्ये तिथे वक्राच्या दोन शाखा एकमेकींना छेदतात. वास्तव प्रतलात आपल्याला फक्त तो सुटा छेदनबिंदू दिसतो. अंतर १ ऐवजी ३ घ्या: पदं ४य² − ५क्ष² होतात, शाखा वास्तव होतात आणि ओ खरोखरच बिंदुपथावर येतो.

तेव्हा सिद्धता लिहिताना दोन्ही दिशा तपासा. बिंदुपथावरचा प्रत्येक बिंदू समीकरणात बसतो, ही सोपी बाजू. उलट दिशेसाठी जिथे वर्ग केला, गुणलं किंवा भागलं, तिथे थांबून बघा. तोवर "बिंदुपथ हा वक्र आहे" न लिहिता "बिंदुपथ या वक्रावर आहे" एवढंच लिहा.

सरावासाठी: अ आणि ब मधलं अंतर २. पअ + पब = २ असणाऱ्या प चा बिंदुपथ आधी चित्रावरून ओळखा, मग दोनदा वर्ग करून समीकरण काढा. दोन्ही उत्तरं जुळतात का?